त्सू-सान-ली: गुडघ्याखालच्या बिंदूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघ्याखाली चार बोटं आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बोट, एवढीशी ही जागा. पण तिच्याबद्दल मला जितकं विचारलं जातं तितकं दुसऱ्या कुठल्याच बिंदूबद्दल विचारलं जात नाही. मी ॲक्युपंक्चरची प्रॅक्टिस करते, त्यामुळे ही जागा रोज माझ्या हाताखालून जाते आणि तिच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच व्हॉट्सॲपवर 'शंभर रोगांवर एक उपाय' असं लिहून, बाण भलतीकडेच दाखवणारी चित्रं आली की वाईट वाटतं. लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

त्सू-सान-ली म्हणजे नेमकं काय?

पारंपरिक चिनी वैद्यकात शरीरावरून जाणारे चौदा मुख्य मार्ग मानले जातात. आपल्याकडे सगळे त्यांना मेरिडियन म्हणतात. जठराचा मार्ग डोळ्याच्या खाली सुरू होतो आणि गाल, छाती, पोट, मांडीची पुढची बाजू असा उतरत पायाच्या दुसऱ्या बोटाच्या नखाशी संपतो. त्यावर ४५ बिंदू आहेत, आणि आपला हा बिंदू छत्तिसावा. म्हणून दवाखान्यात आम्ही त्याला 'स्टमक ३६' म्हणतो. आकडे ही अलीकडची सोय आहे, चीनमध्ये आजही बिंदू नावानेच ओळखतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम पॅसिफिक विभागाने २००८ साली सगळ्या ३६१ बिंदूंच्या जागा ठरवून दिल्या, त्यात याचीही जागा पक्की झाली.

नावाचा अर्थ काय?

'त्सू' म्हणजे पाय, 'सान' म्हणजे तीन आणि 'ली' हे अंतर मोजायचं चिनी माप. आजच्या हिशेबाने एक ली म्हणजे अर्धा किलोमीटर, म्हणजे तीन ली झाले साधारण अर्धा कोस. चालून चालून पाय गळून गेलेल्या माणसाने ही जागा चेतवली की तो आणखी तीन ली चालू शकतो, अशी नावामागची आवडती कथा आहे. दुसरं स्पष्टीकरण साधं आहे: ही जागा गुडघ्याखाली तीन मापं उतरल्यावर येते, म्हणून तीन. मला हे दुसरं जास्त पटतं. पण थकलेल्या माणसाच्या पायावर अंगठा ठेवते तेव्हा तोंडातून पहिलीच गोष्ट निघते.

हातावर, कोपराच्या खाली, याचा जोडीदार आहे: 'शौ-सान-ली', म्हणजे हाताचा सान-ली. दोघांत घोळ होऊ नये म्हणून याच्या नावात पाय आला.

जागा कशी शोधायची? मला ती सापडतच नाही.

खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात वाकवा, तळवा जमिनीवर टेकवा. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही बाजूंना दोन खळगे लागतील. चिनी वैद्यांना ते वासराच्या नाकपुड्यांसारखे दिसले, म्हणून बाहेरच्या खळग्याला 'तू-पी', म्हणजे वासराचं नाक, असं नाव आहे. एकदा हे ऐकलं की गुडघा बघताना नाकच दिसायला लागतं.

त्या बाहेरच्या खळग्याखाली आपली चार बोटं आडवी, एकमेकांना चिकटवून ठेवा. करंगळी जिथे येईल ती उंची बरोबर. आता नडगीच्या हाडाची धार चाचपा आणि तिथून बाहेरच्या बाजूला मधल्या बोटाची एक रुंदी सरका. तिथे मांसात थोडी खोलगट जागा लागते.

खात्री कशी करायची? टाच न उचलता पाऊल वर खेचा. बोटाखाली एक स्नायू टरारून वर येईल. तो पाऊल उचलणारा स्नायू, आणि बिंदू त्यातच आहे. काहीच हललं नाही तर तुम्ही हाडावर आहात किंवा फार बाहेर गेला आहात.

बोटांनी मोजायला अवघड वाटलं तर आणखी एक रीत आहे. घोट्याकडून नडगीच्या धारेवरून अंगठा वर सरकवत न्या. गुडघ्याच्या थोडं खाली हाडाचा उंचवटा लागतो आणि अंगठा अडतो. तिथून एक बोट बाहेर. शिकत असताना मला ही दुसरीच रीत जमायची. पहिली रीत वापरली की माझी चार बोटं नेहमी फाकायची आणि बिंदू खाली घसरायचा.

बोटांनी मोजायचं म्हणजे प्रत्येकाचं माप वेगळं होणार नाही का?

होतं, आणि तेच हवं असतं. या मापाला 'त्सुन' म्हणतात. ज्याचा पाय, त्याच्याच अंगठ्याची पेराजवळची रुंदी म्हणजे त्याचा एक त्सुन. त्याचीच चार बोटं म्हणजे तीन त्सुन. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोळा त्सुन धरतात, मग पाय पैलवानाचा असो की आठ वर्षांच्या पोराचा. म्हणून 'गुडघ्याखाली साडेसात सेंटीमीटर' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ते सोडून द्या.

दाबल्यावर काय जाणवायला हवं?

चिनी वैद्य इथे चार शब्द वापरतात: स्वान, मा, चांग, चोंग. मा म्हणजे बधिरपणा, मुंग्या. चांग म्हणजे तटतटून फुगल्यासारखं. चोंग म्हणजे जडपणा. आणि स्वान म्हणजे शब्दशः आंबट. पुस्तकात हा अर्थ पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थबकलेच होते, कारण आपणही दिवसभर राबल्यावर 'अंग आंबून गेलं' असंच म्हणतो. इतक्या दूरच्या भाषेत दुखण्याला हीच चव सापडावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

तर अंगठ्याखाली ते आंबल्यासारखं, थोडं सुखाचं दुखणं जाणवलं की जागा बरोबर. कधी ते पावलाकडे उतरतं. विजेचा झटका बसल्यासारखी चमक पार बोटांपर्यंत गेली तर दाब सोडा, कारण या स्नायूखालून नस जाते. ही जागा दुखली म्हणजे पोट बिघडलं आहे, असा अर्थ मात्र लावू नका. दिवसभर उभं राहणाऱ्या कुणाचीही ती दुखते.

सगळ्या बिंदूंमध्ये याचंच एवढं नाव का?

विद्यार्थ्यांना पाठ करायला जुन्या चिनी वैद्यांनी छोटी पद्यं रचली. 'चार प्रमुख बिंदूं'च्या पद्यात पोटाच्या सगळ्या तक्रारी सान-लीकडे सोपवल्या आहेत. कंबर-पाठ गुडघ्यामागच्या बिंदूकडे, डोकं-मान मनगटाजवळच्या आणि चेहरा-तोंड अंगठ्याच्या बेचक्यातल्या बिंदूकडे. बाराव्या शतकातला ताओपंथी साधू मा तानयांग याच्या नावावर बारा बिंदूंचं एक पद्य आहे, त्यातही पहिला मान सान-लीचा.

यामागची कल्पना मला फार सुंदर वाटते. हातापायांच्या टोकांकडून कोपर-गुडघ्यांकडे येताना प्रत्येक मार्गावर पाच खास बिंदू मानतात आणि त्यांना पाण्याची नावं आहेत: विहीर, झरा, ओढा, नदी आणि शेवटी समुद्र. बोटाच्या टोकाशी पाणी नुसतं उगवतं, गुडघ्याशी पोहोचेपर्यंत ते खोल होऊन समुद्राला मिळतं. त्सू-सान-ली हा जठराच्या मार्गावरचा 'समुद्र' आहे. शिवाय पंचतत्त्वांच्या हिशेबात जठर हे पृथ्वीतत्त्वाचं आणि हा बिंदूही पृथ्वीतत्त्वाचा. शेतीवर जगणाऱ्या समाजाने पचनाचा संबंध मातीशी जोडावा, हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बिंदूंच्या जागा पूर्वी कशा शिकवत?

१०२७ साली, सोंग राजवटीत, वांग वेई-यी या वैद्याच्या देखरेखीखाली माणसाएवढे दोन काशाचे पुतळे ओतले गेले. त्यांवर बिंदूंच्या जागी छिद्रं होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर देत आणि आत पाणी भरत, असं सांगतात. सुई नेमकी बसली तर पाणी बाहेर येणार, नाहीतर विद्यार्थी नापास.

पाय टोचून पोटावर परिणाम कसा होईल?

हा प्रश्न विचारणारे लोक मला आवडतात, कारण तो खरा प्रश्न आहे. परंपरेचं उत्तर मार्ग आणि 'ची' या प्राणशक्तीच्या भाषेत आहे. ते मार्ग शरीर उघडून दाखवता येत नाहीत. नसा मात्र दाखवता येतात.

२०१४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या प्रयोगात उंदरांच्या पायाच्या नसेला या भागात सौम्य वीज दिली. तो संदेश मेंदूकडून व्हेगस नसेमार्गे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत गेला, तिथून डोपामिन स्रवलं आणि शरीरातला दाह उतरला. २०२१ मध्ये हार्वर्डच्या छ्यूफू मा यांच्या गटाने 'नेचर'मध्ये पुढचं पाऊल टाकलं. उंदराच्या मागच्या पायाच्या खोल थरांत एका विशिष्ट प्रकारचे मज्जातंतू भरपूर आहेत आणि हा परिणाम त्यांच्याचमुळे होतो, असं त्यांनी दाखवलं. तीच सौम्य वीज पोटावरच्या बिंदूला दिली तर हा परिणाम मिळाला नाही, कारण तिथे ते तंतू तसे नाहीत. म्हणजे जागेला अर्थ आहे, निदान या एका बाबतीत तरी.

पण हे उंदीर होते. वीज मोजून दिलेली होती, आणि आजार प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेला होता. टीव्ही बघता बघता अंगठ्याने नडगी दाबली की तेच घडतं, असं यातून निघत नाही.

मग माणसांमध्ये हे सिद्ध झालंय का?

पुरतं नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे दवाखान्यात आम्ही एकटा हा बिंदू क्वचितच घेतो. सोबत मनगटाचा, पोटावरचा, घोट्याजवळचा बिंदू असतोच, मग श्रेय एकट्याला कसं द्यायचं? दुसरी अडचण खोट्या सुईची. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. इथे 'खोटी' सुई त्वचेला टेकली तरी शरीराला काहीतरी कळतंच. त्यामुळे खरी सुई आणि खोटी सुई यांच्यातला फरक बऱ्याच चाचण्यांत थोडाच निघतो.

माझ्या अनुभवात जेवल्यावर पोट फुगणं, जडपणा, मळमळ, प्रवासाने आंबलेले पाय यांवर लोकांना आराम वाटतो. हा माझा अनुभव आहे, त्याला पुरावा म्हणू नका.

अमेरिकन पत्रकाराच्या ऑपरेशनची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, फक्त सांगताना तिची गल्लत होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन जुलै १९७१ मध्ये पेकिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन झालं, असं आजही सांगतात. तसं नव्हतं, त्यांना नेहमीसारखी इंजेक्शनने भूल दिली होती. सुया आल्या त्या नंतर. पोट फुगून अस्वस्थ झालं तेव्हा तिथल्या डॉक्टरने उजव्या कोपरापाशी आणि गुडघ्यांच्या खाली लांब बारीक सुया घातल्या आणि पोटाजवळ जळती वनस्पती धरली. तासाभरात फुगारा उतरला आणि परत आला नाही, असं रेस्टन यांनी २६ जुलैच्या लेखात लिहिलं. बिंदूचं नाव त्यांनी दिलेलं नाही. पण पोटासाठी गुडघ्याखाली सुई म्हटल्यावर आमच्यातला कुणीही विद्यार्थी त्सू-सान-लीच म्हणेल. ॲक्युपंक्चर हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोहोचला त्यात या लेखाचा मोठा वाटा आहे.

शेक देतात ती वनस्पती कुठली? घरी दिला तर चालेल का?

ती आर्टेमिसियाच्या जातीतली. म्हणजे जोतिबाला वाहतो त्या आपल्या दवण्याची सख्खी बहीण. तिची वाळलेली पानं कुटून कापसासारखी लव करतात, तिलाच मोक्सा म्हणतात. 'सुखरूप राहायचं असेल तर सान-ली कधी कोरडा पडू देऊ नये,' अशी जुनी चिनी म्हण आहे. कोरडा नाही म्हणजे काय, तर शेकाने आलेला फोड सतत ओलसर राहिला पाहिजे. जपानमध्ये चौदाव्या शतकात योशिदा केन्को या भिक्षूने चाळिशीनंतर सान-लीला डाग घ्यावाच, असं लिहून ठेवलं आहे. आपल्याकडेही गावागावांत डाग द्यायचे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही.

पण आज मी कुणालाही फोड येईपर्यंत शेक देत नाही, आणि घरी तर मुळीच करू नका. माझ्याकडे एक आजोबा आले होते. मधुमेह वीस वर्षांचा, पायाला संवेदना जवळजवळ नव्हती. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी घरीच शेक घेतला. भाजलेलं त्यांना कळलं नाही, सुनेला वास आला तेव्हा कळलं. रुपयाएवढी जखम भरायला तीन महिने लागले आणि पाय वाचला हे नशीब. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल तर शेक नाही म्हणजे नाही.

हाच आयुर्वेदातला मर्मबिंदू का?

नाही. सुश्रुताने १०७ मर्मं सांगितली, त्यांतली अकरा प्रत्येक पायात आणि तितकीच प्रत्येक हातात. पोटरीच्या मध्यावर इंद्रबस्ती आहे, गुडघ्याशी जानु आहे. पण मर्म म्हणजे घाव बसला तर घात होईल अशी, शस्त्रवैद्याने जपायची जागा. चिनी बिंदू मुद्दाम टोचायचा असतो. दोन्ही परंपरा मोठ्या आहेत, त्यांना एकमेकींची नक्कल ठरवून कुणाचाच मान वाढत नाही.

डॉ. कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली का?

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. ते शल्यविशारद होते, ॲक्युपंक्चर त्यांचं काम नव्हतं. पण त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती रुजवली. लुधियानातलं ॲक्युपंक्चरचं रुग्णालय कोटणीसांच्या नावाने आहे. नातं आहे ते असं.

खूप चालणाऱ्यांना याचा उपयोग होतो का?

जपानी कवी बाशो १६८९ मध्ये उत्तरेच्या लांबच्या पायी प्रवासाला निघाला. निघण्यापूर्वी त्याने फाटकी विजार शिवली, टोपीला नवी दोरी लावली आणि पायाच्या सान-लीला मोक्साचा शेक दिला, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. मला ही तयारी फार जवळची वाटते. आषाढात वारीला निघणाऱ्या बायका मला हेच विचारतात तेव्हा मी मुक्कामाला पोहोचल्यावर दोन्ही पायांचा बिंदू दाबायला सांगते, आणि त्याआधी पाणी, मऊ चपला आणि फोडांची काळजी. एकाच पोटरीला सूज, लाली, गरमपणा आला तर मात्र दाबू नका, चोळू नका. रक्ताची गाठ असू शकते.

किती वेळ आणि केव्हा दाबायचं?

एका पायाला एक ते तीन मिनिटं. अंगठ्याने हळूहळू जोर वाढवा, श्वास चालू ठेवा, दिवसातून एकदा-दोनदा पुरे. जेवल्या जेवल्या नको. निळं पडेपर्यंत दाबणं ही मर्दुमकी नव्हे.

याने शुगर, वजन, थायरॉइड कमी होतं का?

औषधं बंद करावीत असं काहीही याने होत नाही.

कुठल्या वेळी बिंदू सोडून सरळ डॉक्टरकडे जायचं?

बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी पोटदुखी, पोटदुखीसोबत ताप, रक्ताची उलटी, काळी शी, छातीत दाटून येणं, मग त्याला गॅस म्हणायचा मोह कितीही होवो. त्सू-सान-लीच्या दोन त्सुन खाली 'लान-वेई' नावाचा बिंदू आहे, त्याच्या नावाचा अर्थच अपेंडिक्स. अपेंडिक्स सुजलं की उजव्या पायावर ही जागा दुखते, असं चिनी डॉक्टरांचं निरीक्षण आहे. तिथे दुखतंय म्हणून कुणी तासभर तीच जागा दाबत बसलं, तर अपेंडिक्स आत फुटू शकतं.

सुई घ्यायची असेल तर काय बघावं?

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणीसाठी महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. नोंदणी विचारायला संकोचू नका. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरून झाल्यावर डब्यात टाकली गेली पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, गर्भारपण असेल, तर ते आधी सांगा. गर्भारपणात टाळायचा म्हणून सांगतात तो मुख्यतः घोट्यावरचा सान-यिन-च्याव, पण घरी बोटाने दोघांत चूक होऊ शकते. पहिल्या वेळी आडवं होऊनच सुई घ्या, कारण बसलेल्या माणसाला कधी कधी चक्कर येते.

आईचे पाय दाबून देते. काही विशेष लक्षात ठेवू?

आईचीच बोटं मोजायला घ्या. आधी विचारा, मग दाबा. म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ असते, तेव्हा अंगठ्याचं टोक नको, गादी वापरा, नखं कापलेली असू द्या. माझी आई पहिल्यांदा म्हणाली, "इथे नाही गं, जरा वर." मी पाठ केलेली चार बोटं माझी होती, तिचा हात माझ्याहून लहान. तिनेच आपली चार बोटं गुडघ्याखाली ठेवली, करंगळीच्या शेजारी माझा अंगठा ओढून घेतला आणि डोळे मिटले.